बहुधा नावाचं जनुक

आमच्या सोसायटीत मी नक्की काय काम करते हे बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही राहतो सगळ्यात वर, नेरुळमधल्या एका सात मजली इमारतीत. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की मी मजले बघून उत्तर द्यायचे. विचारणारा दुसऱ्या मजल्यावर उतरणार असेल तर "लॅबमध्ये आहे" एवढंच. चौथ्यापर्यंत सोबत असेल तर "सूक्ष्मजीवांवर काम करते." आणि अगदी सहाव्यापर्यंत जायचं असेल तर, "खाडीच्या चिखलात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांचं कुठलं जनुक काय काम करतं ते मी शोधते." हे उत्तर ऐकून सहाव्यावरचे एक गृहस्थ पाचव्यावरच उतरले होते.

माझ्या सासूबाईंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. त्यांचं माहेर कऱ्हाडकडचं, आणि माहेरच्या परड्यात शेणाच्या गॅसची टाकी होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे गोबर गॅस. त्यात शोधायचं काय आहे? शेण घालायचं, पाणी घालायचं, झाकण लावायचं."

"पण आई, शेणाचा गॅस करतं कोण?"

"टाकी करते," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक जुनी इमारत आहे, तिच्या मागच्या अंगाला आमची लॅब. आम्ही तिघीच. एक मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, ज्या रागावल्या की जास्त हळू बोलतात. एक माझी मैत्रीण, ती सारसोळ्याची, मूळ गावातली. तिच्या घरची बोट आहे आणि तिची आई अजून मासळी सुकवते. आणि मी. आमचे सूक्ष्मजीव तिच्याच गावच्या जेटीजवळच्या चिखलातून आणलेले, रीतसर परवानगी काढून. दिसायला ते जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत, वेगळ्याच घराण्यातले. त्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. हवा लागली की मेले. म्हणून आम्ही त्यांना रबरी बुचाच्या बंद बाटल्यांत वाढवतो आणि त्यांची सगळी उस्तवार एका प्लास्टिकच्या पारदर्शक तंबूत करतो. त्याला बाहेरून रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यांत हात घालून आत काम करायचं. बाटलीत एक रंग घातलेला असतो. हवा शिरली की बाटली गुलाबी होते. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये गुलाबी हा अशुभ रंग आहे. मैत्रिणीने एकदा गुलाबी कुर्ता घातला तर मॅडमनी तिला दिवसभर तंबूजवळ येऊ दिलं नाही.

आता जनुकांचं काम कसं ठरतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जीवांची जनुकं वाचून झाली आहेत, म्हणजे अक्षरं लागली आहेत. अर्थ पुष्कळांचा लागलेला नाही. मग कॉम्प्युटर काय करतो, तर लग्नातल्या म्हाताऱ्या बायका करतात तेच. मांडवात एखादी अनोळखी मुलगी दिसली की कुणीतरी म्हणतं, "नाक बघा, अगदी कुलकर्ण्यांचं. त्यांच्यातलीच असणार." तसा कॉम्प्युटर नवं जनुक बघतो, ते कुठल्या जुन्या माहितीच्या जनुकासारखं दिसतंय ते बघतो, आणि जुन्याचं काम नव्याच्या नावावर लावून टाकतो. पुढे "बहुधा" असं लिहितो, म्हणजे जबाबदारी संपली. मग तिसरं जनुक या दुसऱ्यासारखं दिसतं म्हणून त्याच्याही नावावर तेच. असं करत करत एका चुकलेल्या नाकावरून अख्खं गाव कुलकर्ण्यांचं होतं.

आमच्या वाट्याला जे जनुक आलं होतं त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं: बहुधा औषध बाहेर फेकणारा पंप.

मैत्रीण ते वाचून म्हणाली, "खाडीच्या तळाला, काळोखात, याला औषध देतंय कोण?"

तेव्हापासून आम्ही त्या जनुकाला "बहुधा" म्हणायला लागलो.

एखादं जनुक काय करतं हे बघायचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकायचं आणि जीवाचं काय अडतं ते बघायचं. सांगायला सरळ. या मंडळींच्या बाबतीत त्यात आमचा पावसाळा गेला आणि दिवाळीही गेली. शेवटी एकदाचा "बहुधा" निघाला. आम्ही पेढे आणले, बाटल्या भरल्या, आणि काय अडतंय ते बघत बसलो.

काहीच अडलं नाही. बहुधा नसलेले जीव मजेत वाढले. मिथेन सोडला. वाढायचा वेग तोच, आकार तोच. मग आम्ही औषधं दिली. या जीवांना मारणारी औषधं मोजकीच आहेत. ती दिल्यावर बहुधा असलेले आणि बहुधा नसलेले अगदी सारखेच मेले. म्हणजे पंप तर नव्हता. काय नाही हे कळलं, काय आहे ते नाही.

मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बिनकामाचं जनुक इतक्या पिढ्या कुणी सांभाळत नाही. आपणच त्याला काम पडू देत नाही आहोत."

मग आम्ही त्यांचं खाणं बदलून बघायला लागलो. हे जीव खातात फार थोड्या गोष्टी, पण त्यातली एक त्यांची खास आवड आहे. मासळी शिळी झाली की जो वास सुटतो, त्या वासाचं एक द्रव्य असतं. त्याला ट्रायमिथिलअमीन म्हणतात, पण लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं "मासळी" म्हणतो. आपण ज्या वासाने नाक धरतो तो या मंडळींचा घास. विकत येते ती मासळी मिठासारखी पांढरी पूड असते, आणि त्या रूपात तिला फारसा वास येत नाही, हे महत्त्वाचं आहे. आम्ही ती पाण्यात घट्ट विरघळवून ठेवतो आणि सुईने बाटल्यांत सोडतो.

मासळीवरही बहुधा नसलेले जीव मजेत वाढले.

त्याच दिवशी सुई बुचातून ओढताना चार थेंब माझ्या ओढणीच्या टोकावर पडले. कोट घातलेला होता, पण टोक बाहेर लोंबत होतं. मला समजलंच नाही. समजलं असतं तरी वास येत नव्हता, त्यामुळे मी काही केलं नसतं. घरी येऊन ओढणी धुण्याच्या टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जाळीच्या लिफ्टने वर जात होते तेव्हा प्रत्येक मजल्यावर दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं. घरी पोचले तर सगळ्या खिडक्या उघड्या, देवघरात कापूर, हॉलमध्ये उदबत्त्या, आणि सासूबाई बाल्कनीत खुर्ची टाकून पदर नाकाला लावून बसलेल्या. नवरा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी होता, म्हणजे घरात आम्ही दोघीच.

"बाथरूममधल्या बादलीत काय मेलंय ते आधी बघ," त्या म्हणाल्या.

"काही मेलं नसेल, आई."

"मग जिवंत असेल. मी हात घालणार नाही."

बादलीत माझी निळी ओढणी होती. हातमागाची म्हणून मशीनला न लावता त्यांनी हाताने धुवायला काढली होती. आणि त्यांची धुण्याची रीत म्हणजे धुण्याचा सोडा.

"किती घातलात?"

"मूठभर. मग वास यायला लागला म्हणून आणखी मूठभर घातला."

"मग?"

"आणखी आला. मग मी कढत पाणी ओतलं."

बाथरूमच्या दारातच मला आदल्या दिवशीची सुई आठवली. त्या पांढऱ्या पुडीला सोडा लागला की तिच्यातली मासळी मोकळी होते, आणि गरम पाण्याने ती हवेत उडते. रसायनशास्त्राच्या परीक्षेत "या पदार्थाचा जास्तीत जास्त वास कसा काढाल?" असा प्रश्न आला असता तर माझ्या सासूबाईंना पैकीच्या पैकी मिळाले असते. त्यात बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, आणि हा वायू हवेपेक्षा जड. म्हणजे सातव्या मजल्यावरून निघालेली मासळी शिस्तीत प्रत्येक मजल्याला थांबत थांबत तळापर्यंत गेली होती.

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर खूप काही होऊन गेलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की डक्टमध्ये उंदीर मेलाय का. मग एकाने लिहिलं, मासळी करणाऱ्यांनी जरूर करावी, पण निदान ताजी आणावी. यावर चार अंगठे होते. मग तिसऱ्या मजल्यावरून: वास वरून येतोय. आणि मग, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं: सातव्या मजल्यावर कोण राहतं ते आपल्याला माहीत आहेच.

सातव्या मजल्यावर दोन घरं. एक आमचं, सात पिढ्यांत कुणी अंडंही न फोडलेलं. दुसरं समोरच्या काकूंचं, त्या मालवणकडच्या.

दारावरची बेल वाजली. काकू उभ्या होत्या, हातात मोबाइल.

"सगळे माझ्याचकडे बघतत," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "आज गुरुवार. माझ्याकडे भोपळ्याची भाजी आसा. कोणाक दाखवू मी?"

काकू आणि सासूबाई यांचं सूत जमलेलं होतं. रोज संध्याकाळी दोघी खाली बाकावर बसायच्या, एकमेकींच्या डब्यांची देवाणघेवाण चालायची, फक्त काकूंकडून येणारा डबा शुक्रवार आणि रविवार हे त्यांचे मासळीचे वार सोडून यायचा. काकूंना असं दारात उभं बघून सासूबाई पदर नाकावरचा काढून पुढे आल्या.

"तुमचा नाही हो. आमचाच आहे. या, आत या, बघा."

त्यांनी काकूंना हाताला धरून थेट बाथरूममध्ये नेलं, जसं कुणाला नवीन घेतलेलं कपाट दाखवावं तसं. काकू बादलीवर वाकल्या. मी एवढ्या जवळून वास घ्यायला धजले नसते.

"ह्यो बांगड्याचो नाय," त्या म्हणाल्या. "सुक्या बोंबलाचोय नाय. ह्या काय आसा गो?"

मी सांगितलं. लिफ्टमधलं सहाव्या मजल्याचं उत्तर नव्हे, त्याहून मोठं सांगितलं. काकू ऐकत होत्या, पण बहुतेक बादलीचाच विचार करत होत्या, कारण मी "यावर लिंबू" एवढं म्हणेपर्यंत त्या वळल्याही होत्या.

"तांच आणूक जातंय," दारातून आवाज आला.

लिंबं पुरली नाहीत, म्हणून काकूंनी कोकमाचं आगळ ओतलं. आंबट पडलं की ती मासळी पुन्हा मिठासारखी होऊन पाण्यात बसते, वास धरून. मला हे पुस्तकातून माहीत, काकूंना माशाच्या तुकड्यांवरून. थोड्या वेळात बाथरूममध्ये श्वास घेता यायला लागला. निळ्या ओढणीवर तांबडे डाग पडले ते मात्र कायमचे. सासूबाई म्हणाल्या, "बरं दिसतंय. आधी फारच सुतकी होती."

मग सेक्रेटरी आले. ते बेलापूरच्या कुठल्याशा सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर राहणारे, आणि त्यांचं बोलणं अजून फायलीतून आल्यासारखं. ते दारातच थांबले.

"वासाबाबत तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. यावर आपलं म्हणणं काय?"

"वास आमच्या घरातला आहे," सासूबाई म्हणाल्या. "समोरच्यांचा काही संबंध नाही. ग्रुपवर तसं लिहा."

"पण वास मासळीचा आहे. आणि आपण तर खात नाही."

"आम्ही नाही खात. सुनेचे जीव खातात."

"कुठले जीव?"

"गोबर गॅसचे."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंच्या हातात पिळलेलं लिंबू होतं. ते खाली गेले, आणि थोड्या वेळाने ग्रुपवर निवेदन आलं: "सातव्या मजल्यावरील वास हा वैज्ञानिक स्वरूपाचा असून त्याचा कोणाच्याही स्वयंपाकाशी संबंध नाही. संबंधितांनी गैरसमज करून घेऊ नये." काकूंनी ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा, आणि मग भोपळ्याची भाजी आणून दिली.

वास मात्र लगेच गेला नाही. मला येत नव्हता, माझं नाक त्याला सरावलेलं. पण सेक्रेटरी भेटले की थांबून हुंगत आणि म्हणत, "अजून किंचित आहे." पहिल्या मजल्यावर. चार थेंबांचा.

लॅबमध्ये मी हे सगळं जेवताना सांगितलं. मैत्रीण हसून हसून डब्यावर वाकली. मॅडमसुद्धा हसल्या, अर्थात हळू.

"एका ओढणीच्या टोकावर कितीशी मासळी असणार?" मैत्रीण डोळे पुसत म्हणाली.

"चार थेंब."

"आणि अख्ख्या बिल्डिंगला पुरली." ती पुन्हा हसली आणि मग मधेच थांबली. घास हातातच राहिला. "आपण बाटलीत किती घालतो?"

"चांगली घट्ट. का?"

"मग खाडीत त्यांना एवढी कोण वाढतंय? आमच्याकडे मासळी सुकते ती वर, उन्हात. एखादा मासा चिखलात कुजला तरी भरतीचं पाणी येतं आणि घेऊन जातं. खाली पोचेपर्यंत काय राहात असेल? तुझ्या सेक्रेटरींच्या मजल्यावर होतं तेवढंच."

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे आपण त्यांना रोज लग्नाच्या पंगतीला बसवतोय," त्या म्हणाल्या, "आणि भुकेल्या पोटी काय करतात ते बघायचं म्हणतोय."

जेवण झाल्यावर आम्ही तिघींनी मिळून नवा बेत आखला. मासळी द्यायची, पण इतकी पातळ की जेमतेम लागावी. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. बहुधा असलेल्यांना आणि नसलेल्यांना अगदी सारखी.

पहिला प्रयत्न गुलाबी झाला. तंबूच्या हातमोज्याला बोटाशी बारीक चीर गेली होती आणि सुट्टीवरून परत आलो तर अख्खी रांग बारशाला सजवल्यासारखी. मैत्रिणीने बाटल्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. मी नवीन मोजा लावत होते आणि मला रडू येत होतं, ते मी रबराच्या वासावर ढकललं. दुसऱ्या वेळी आम्ही मोज्याला मोजा चढवला. मग वाट बघणं आलं. उपाशी जीव फार सावकाश वाढतात, आणि दर वेळी तंबूपाशी जाताना आधी रंग बघायचा आणि मग श्वास सोडायचा अशी आम्हाला सवयच लागली.

बाटल्या उघडायच्या दिवशी मोजणीचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. कारागीर म्हणाला होता सोमवारी येईल, पण कुठल्या सोमवारी ते म्हणाला नव्हता. मैत्रिणीला दम निघेना.

"सोडा आहे का?" तिने विचारलं.

मला कळायला एक क्षण लागला. मग मी कपाटातून सोडा काढून दिला. कल्पना सोपी होती: ज्यांनी मासळी खाऊन संपवली त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात सोडा घातला तरी वास यायचा नाही. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्या बाटलीत ती उरलेली असेल, आणि ती सोड्याने मोकळी होईल. आम्ही दोघींनी पाण्याचे नमुने छोट्या नळ्यांत घेतले, नळ्यांवरची नावं कागदाने झाकली, क्रम उलटासुलटा केला आणि मॅडमना बोलावलं. त्यांना काही सांगितलं नाही, फक्त वास घ्या म्हणालो. पातळ द्रावणाला सोडा घालून दुरूनच घ्यायचा वास तो, त्यात काही धोका नव्हता. लाज मात्र बरीच होती, कारण आमच्या क्षेत्रात नाकाने मोजमाप करत नाहीत.

मॅडमनी चष्मा काढला. एकेक नळी घेतली, हाताने हवा नाकाकडे ओढली, वास नसला तर नळी डावीकडे, असला तर उजवीकडे ठेवली. एकीपाशी त्या थांबल्या, पुन्हा हुंगली, आणि उजवीकडे ठेवली. मग आम्ही कागद काढले.

डावीकडे सगळे बहुधा असलेले. उजवीकडे सगळे बहुधा नसलेले.

मैत्रिणीने माझा दंड धरला तो इतका घट्ट की संध्याकाळी तिथे निळं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "यंत्र येऊ दे." पण त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

यंत्र आलं, त्यानेही तेच सांगितलं. मग शेवटची परीक्षा राहिली होती: काढलेलं जनुक परत घालायचं. परत घातल्यावर जीव पुन्हा पातळ मासळी खायला लागले तरच म्हणायचं की काम त्याचंच, नाहीतर आपल्याकडून दुसरंच काही मोडलेलं असू शकतं. परत घातलं. ते खायला लागले. म्हणजे आमचा बहुधा काही बाहेर फेकणारा नव्हताच. तो दारात उभा राहून टंचाईच्या दिवसांत मासळीचा एकेक कण ओळखून आत घेणारा होता. पंगत चालू असताना त्याला काही काम नसायचं, कारण तेव्हा मासळी कुठूनही आत यायची.

त्या दिवशी नेरुळ स्टेशनपासून मी चालत घरी आले. रिक्षात बसून ही गोष्ट लवकर संपवावी असं वाटेना. जगातल्या एका इवल्याशा गोष्टीबद्दल जे आत्तापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं ते आम्हा तिघींना माहीत होतं, आणि रस्त्यावर लोक कोथिंबीर घेत होते, पोरं स्केटिंगच्या क्लासला चालली होती, आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं. लिफ्टमध्ये काकू भेटल्या. मी तळमजल्यापासून सुरुवात केली आणि सातव्यावर दार उघडून धरलं तरी माझं संपेना. काकूंनी पिशवी खाली ठेवून सगळं ऐकलं.

"म्हणजे आता ताजा म्हावरा मिळाक नाय तेव्हा उपयोगी पडता तां," त्या म्हणाल्या.

"हो. तेच."

"मग बरा आसा," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरात गेल्या.

आता नाव बदलायचं होतं. जनुकांची माहिती जिथे साठवलेली असते तिथे आम्ही लिहिलं की हा पंप नव्हे, हे त्याचं काम, हे पुरावे. पहिलं उत्तर यंत्राने दिलं: आपला संदेश मिळाला. दुसरं उत्तरही यंत्राने दिलं: आपला संदेश मिळाला. तिसरं एका माणसाने दिलं, त्याने आणखी पुरावे मागितले, ते आम्ही पाठवले. बऱ्याच दिवसांनी मैत्रिणीने एका सकाळी पान उघडलं आणि नुसतीच स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे आता लिहिलेलं होतं: मासळीचं द्रव्य आत घेणारा वाहक. अर्थात त्यांच्या भाषेत. आणि त्यापुढे, स्वल्पविराम देऊन: बहुधा.

मॅडम म्हणाल्या की हे योग्यच आहे, एका लॅबच्या शब्दावर कुणी एवढं निश्चित होऊ नये. पण त्या दिवशी त्या इतक्या हळू बोलल्या की आम्हाला दोनदा विचारावं लागलं. आणि ज्या पन्नास ठिकाणी जुन्या नावाची नक्कल झाली होती तिथे ते अजून औषध फेकतंच आहे. मैत्रीण अधूनमधून त्यांना पत्रं लिहिते. मला वाटतं तिला ते आवडतं.

थंडी सुरू झाल्यावर आम्हाला पुन्हा चिखल हवा होता, आणि सासूबाई म्हणाल्या, "मी येते. एवढं सगळं ज्यांच्यापायी झालं ते राहतात कुठे ते तरी बघू."

ओहोटीची वेळ साधून आम्ही सारसोळ्याच्या जेटीवर गेलो. मैत्रिणीची आई तिथेच होती, उन्हात फडक्यावर सुकट पसरत होती. सासूबाई आधी जरा लांब उभ्या राहिल्या, पदराशी चाळा करत. मग त्यांनीच विचारलं की हे उलटायचं केव्हा असतं, पापडासारखं का, आणि त्यावर दोघींचं बोलणं सुरू झालं. पापड, सांडगे, सुकट, ऊन किती लागतं, कावळ्यांचं काय करायचं. मैत्रीण आणि मी बूट चढवून चिखलात उतरलो.

तिवरांच्या मुळांपाशी, साचलेल्या पाण्याच्या एका डबक्यात, खालून बुडबुडे येत होते. एक यायचा, थांबायचा, मग दोन एकदम. सासूबाईंनी वरून पाहिलं.

"हे आपले?"

"काही आपले असतील, आई. सगळे नाही."

मैत्रिणीची आई म्हणाली, "ते बुडबुडं तर रोजचंच हाय. आमी लहानपनापासून बघतो."

"अहो, पण करतं कोण ते माहीत आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"चिकल करतो. दुसरं कोन?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. खाली जीव आहेत म्हणाल्या, डोळ्यांना न दिसणारे, हवा लागली की मरतात, आणि त्यांच्या दारात एकजण उभा असतो. त्यातलं निम्मं बरोबर होतं, उरलेलं टाकीचं होतं. मैत्रिणीने मला हळूच विचारलं, दुरुस्त करू का. मी म्हटलं, राहू दे.

तिची आई सुकट उलटायची थांबली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मंग ते जेवतात काय?"

"तुमची मासळी," सासूबाई म्हणाल्या. "उरलेली. पण फार थोडी लागते त्यांना."

"मंग जेवू दे," ती म्हणाली, आणि चपला काढून जेटीच्या पायऱ्या उतरायला लागली. सासूबाईंनी क्षणभर विचार केला, आपल्याही चपला काढल्या, आणि तिच्या खांद्याचा आधार घेत दुसऱ्या पायरीपर्यंत उतरल्या. तिथून दोघी वाकून डबक्यात बघत राहिल्या. आम्ही बाटली बुडवून चिखल भरून घेतला आणि बूच लावलं.